लुटुपुटूचे क्षेपणास्त्र, खरेखुरे रडार : हवाई चमूंना इलेक्ट्रॉनिक युद्धाची तालीम कशी दिली जाते

लढाऊ विमानावर रडारच्या मदतीने क्षेपणास्त्र सोडले जाते, तेव्हा त्याची पहिली वार्ता वैमानिकाला बहुधा डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी कळते. हेल्मेटमध्ये एक ठरावीक सूर वाजू लागतो, समोरच्या लहानशा गोल पडद्यावर एक चिन्ह उमटते आणि तेथून पुढचा वेळ सेकंदांत मोजावा लागतो. क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला सुमारे एक किलोमीटर धरला, तर ३० किलोमीटरवरून सुटलेले क्षेपणास्त्र अर्ध्या मिनिटात विमानाला गाठते. तेवढ्यात हा सूर कोणत्या रडारचा आहे, ते रडार नुसती टेहळणी करते आहे की नेम धरून बसले आहे, विमान कोणीकडे वळवायचे, जॅमर (रडारला गोंधळात टाकणाऱ्या लहरी पाठवणारे यंत्र) चालू ठेवायचा की नाही, चाफ (रडारला चकवणारे धातूचा लेप दिलेले तंतू) कधी सोडायचे आणि सोबतच्या विमानांना काय कळवायचे, हे सारे ठरवावे लागते. हे पुस्तक वाचून येत नाही, आणि शिकण्यासाठी अंगावर खरे क्षेपणास्त्र सोडून घेणेही कोणाला परवडणारे नाही. त्यामुळे जगातील मोठी हवाई दले बनावट धोका तयार करतात. हा बनावट धोका कितपत खरा असला पाहिजे, हा या साऱ्या प्रशिक्षणातील कळीचा प्रश्न आहे. आणि कोणता धडा शिकवायचा आहे यानुसार त्याचे उत्तर बदलते.

आधी विमानाला धोका कळतो कसा, ते पाहू. रडार रेडिओलहरी फेकते आणि विमानावर आपटून परत आलेला क्षीण प्रतिध्वनी टिपते. म्हणजे लहरींना जाऊन परत यावे लागते, तर विमानापर्यंत त्या एकाच फेरीत पोहोचतात. अंधारात विजेरी घेऊन कोणाला शोधणारा माणूस जितक्या अंतरावरचे पाहू शकतो, त्याहून कितीतरी लांबून त्याची विजेरी इतरांना दिसते. रडारचेही तसेच होते. विमानावरील रडार वॉर्निंग रिसीव्हर हा याच गोष्टीचा फायदा घेतो. येणाऱ्या लहरींची वारंवारता, स्पंदांची (म्हणजे तुटक सोडलेल्या लहरींच्या एकेका झटक्याची) रुंदी, दोन स्पंदांमधील अंतर आणि अँटेनाच्या फिरण्याची लय हे सगळे तो तपासतो, आपल्या स्मृतीतील यादीशी ताडून पाहतो आणि ‘अमुक प्रकारचे रडार, अमुक दिशेला’ असे चमूला सांगतो. टेहळणी रडारचा झोत फिरत असल्याने त्याची चाहूल थांबून थांबून लागते. नेम धरणाऱ्या रडारचा झोत मात्र विमानावर खिळून राहतो. काही प्रणालींमध्ये क्षेपणास्त्राला आदेश देणाऱ्या लहरी सुरू झाल्या की रिसीव्हर त्याही वेगळ्या ओळखतो. या पायऱ्या कानाने ओळखणे ही शिक्षणाची बाराखडी आहे.

ही बाराखडी फार महागात शिकली गेली. २४ जुलै १९६५ रोजी उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेचे एफ-४ जातीचे एक विमान सोव्हिएत बनावटीच्या एसए-२ क्षेपणास्त्राने पाडले. जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने त्या युद्धात अमेरिकेचे विमान पडण्याचा तो पहिला प्रसंग होता. त्यानंतर अमेरिकी हवाई दलाने ‘वाइल्ड वीझल’ या नावाने खास चमू तयार केले. दोन आसनी विमानात पुढे वैमानिक आणि मागे इलेक्ट्रॉनिक युद्धाचा, म्हणजे शत्रूची रडारे ओळखण्याचे व फसवण्याचे काम पाहणारा, अधिकारी अशी त्यांची रचना असे, आणि क्षेपणास्त्रांच्या रडारांना मुद्दाम डिवचून शोधून काढणे हे त्यांचे काम होते. तरीही डिसेंबर १९७२ मधील हनोई व हायफाँगवरील अकरा दिवसांच्या मोहिमेत १५ बी-५२ विमाने गमवावी लागली.

त्या युद्धातील हानीच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. पहिल्या दहाएक लढाऊ उड्डाणांमधून जो वैमानिक सुखरूप परततो, त्याची पुढे टिकून राहण्याची शक्यता बरीच वाढते. मग ही पहिली दहा उड्डाणे घरच्याच आकाशात का करून घेऊ नयेत? या विचारातून १९७५ मध्ये नेव्हाडातील नेलिस तळावर ‘रेड फ्लॅग’ हा सराव सुरू झाला. त्यासाठी वापरले जाणारे सरावक्षेत्र जमिनीवर सुमारे २९ लाख एकर पसरलेले असून त्यात ठिकठिकाणी शत्रूच्या रडारांची नक्कल करणारी यंत्रे मांडलेली असतात. ब्रिटनमध्ये कंब्रियातील स्पेडॅडम येथे असेच क्षेत्र आहे. पन्नाशीच्या दशकात क्षेपणास्त्रांच्या इंजिनांच्या चाचण्यांसाठी घेतलेली ती सुमारे ९,००० एकर ओसाड जमीन सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात या कामाला लागली. युरोपात जर्मनी आणि फ्रान्सच्या सीमाभागात ‘पॉलिगोन’ नावाची सामायिक व्यवस्था आहे. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाल्यावर पूर्व जर्मन लष्कराकडची सोव्हिएत क्षेपणास्त्र-यंत्रणा पाश्चात्त्य देशांच्या हाती आली, आणि ज्या रडारांची आजवर नक्कल करावी लागत होती, त्यांपैकी काही मूळ स्वरूपातच अभ्यासाला मिळाली.

या क्षेत्रांवरील यंत्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात, आणि त्यांच्यातील फरक समजला की विषय निम्मा समजला. पहिल्या वर्गातील यंत्रे फक्त बोलतात. ट्रेलरवर बसवलेले एक प्रक्षेपक यंत्र एखाद्या रडारच्या लहरींची हुबेहूब नक्कल विमानाच्या दिशेने पाठवते आणि विमानातील रिसीव्हर फसून धोक्याचे चिन्ह दाखवतो. लहरींना एकाच दिशेने जायचे असल्यामुळे असे यंत्र खऱ्या रडारपेक्षा पुष्कळ कमी शक्तीवर चालते, स्वस्त पडते आणि एकच यंत्र एकामागून एक अनेक रडारांची सोंगे घेऊ शकते. सूर ओळखणे, दिशा सांगणे, ठरलेली वळणे घेणे आणि चाफ सोडण्याची सवय लावणे यासाठी ते पुरेसे असते.

मात्र येथे एक बारीक खोच आहे. अनेक जुने रिसीव्हर धोका किती जवळ आहे, हे आलेल्या लहरींच्या तीव्रतेवरून ठरवतात. पडद्याच्या मध्याकडे सरकलेले चिन्ह म्हणजे तीव्र लहर, म्हणून जवळचा धोका. नकली यंत्राची शक्ती मुळातच कमी असेल, तर जवळचा धोकाही पडद्याच्या कडेला, म्हणजे दूर असल्यासारखा दिसतो. असा सराव वारंवार करणारा वैमानिक ‘कडेवरच्या चिन्हाची फारशी काळजी नको’ असे नकळत शिकून बसतो. चुकीचा धडा पक्का होण्याचा हा प्रकार मला या प्रशिक्षणातील सर्वांत मोठा धोका वाटतो. कारण न शिकलेल्या माणसाला निदान आपल्याला येत नाही एवढे ठाऊक असते.

दुसऱ्या वर्गातील यंत्रे बोलतातही आणि ऐकतातही. ती खरोखरच प्रतिध्वनी टिपतात, विमानाचा माग काढतात, आणि विमानाने त्यांना फसवले तर ती फसतात. जॅमिंगचा सराव करायचा असेल, तर यांना पर्याय नाही. कारण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या कानाशी कितीही गोंगाट केला, तरी गोंगाट उपयोगी पडला की नाही हे कळणार कसे?

जॅमिंगमागचे गणित थोडक्यात पाहण्यासारखे आहे. रडारला मिळणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर निम्मे झाले की प्रतिध्वनी सोळापट होतो. विमानावरील जॅमरची लहर मात्र एकाच दिशेने जाते, त्यामुळे अंतर निम्मे झाल्यावर ती फक्त चौपट होते. दूर असताना जॅमरचा गोंगाट प्रतिध्वनीला बुडवून टाकतो. विमान जवळ येऊ लागले की प्रतिध्वनी झपाट्याने वर येतो आणि एका अंतरावर गोंगाट भेदून विमान रडारला दिसू लागते. हे अंतर रडारची शक्ती, जॅमरची शक्ती आणि विमानाचा आकार या सर्वांवर अवलंबून असते. कागदावर ते काढता येते, पण आपल्याच विमानाच्या बाबतीत, आपल्याच जॅमरने, नेमके कोठे आपण उघडे पडलो हे चमूला खरे रडारच दाखवू शकते.

फसवणुकीचा दुसरा प्रकार अधिक नाजूक आहे. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. जाण्या-येण्याचा हिशेब धरता प्रतिध्वनीला एक मायक्रोसेकंद उशीर होणे म्हणजे रडारच्या लेखी विमान १५० मीटर दूर असणे. आधुनिक जॅमर रडारचा स्पंद टिपून साठवतो आणि तोच किंचित उशिराने, मूळ प्रतिध्वनीहून जोरात परत पाठवतो. उशीर हळूहळू वाढवत नेला, की रडार या खोट्या प्रतिध्वनीमागे वाहवत जाते आणि खरे विमान मागेच सुटते. दहा मायक्रोसेकंदांच्या उशिरात दीड किलोमीटरची चूक होते. आता, स्वयंचलित रडार ज्या फसवणुकीला बळी पडेल, ती अनुभवी माणसाच्या डोळ्यांतून सुटेलच असे नाही. पडद्यावर एका ठिपक्यातून दुसरा ठिपका निघताना पाहिला, तर असा माणूस स्वयंचलित माग सोडून हाताने खऱ्या ठिपक्यावर परत येतो. म्हणूनच चांगल्या सरावक्षेत्रावर यंत्राइतकेच त्यामागे बसलेल्या माणसाला महत्त्व असते. त्याचे कामच शत्रूच्या रडार-चालकासारखा विचार करण्याचे असते.

हा माणूस यंत्र चालू करतो तसा बंदही करतो, आणि बंद करण्यात अधिक कौशल्य आहे. २ जून १९९५ रोजी बोस्नियावर अमेरिकेचे एक एफ-१६ विमान एसए-६ क्षेपणास्त्राने पाडले गेले. तेथील सर्ब तुकडीने क्षेपणास्त्राचे रडार अगदी शेवटच्या क्षणी चालू केले, त्यामुळे वैमानिकाला सावध व्हायला वेळच मिळाला नाही. सहा दिवसांनी त्याला शोधून सुखरूप परत आणले गेले. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एफ-११७ हे रडारला चुकवणारे विमान पडले, तेही साठच्या दशकातील एस-१२५ या क्षेपणास्त्राने. ती तुकडी आपले रडार एका वेळी काही सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवत नसे, आणि वरचेवर जागा बदलत असे. या घटनांमधला धडा असा, की शांत रिसीव्हर म्हणजे सुरक्षित आकाश नव्हे. सराव देणारे यंत्र ठरल्या वेळी चालू होऊन दहा मिनिटे इमाने इतबारे लहरी पाठवत राहिले, तर चमू नेमके याच्या उलट शिकतो. त्यामुळे आता यंत्रे वाहनांवर बसवून उड्डाणांच्या मधल्या काळात हलवतात, काही केवळ क्षणभर चालू करतात, आणि एका रडारने पाहिलेले विमान दुसऱ्याने न बोलता नेमात घ्यावे यासाठी त्यांना एकमेकांशी जोडतात. जुन्या क्षेत्रांवर मुरलेले वैमानिक कोणत्या टेकडीमागे कोणते यंत्र आहे हे तोंडपाठ सांगू शकत असत. असे पाठांतर सरावात गुण मिळवून देते, युद्धात नाही.

क्षेपणास्त्र प्रत्यक्ष सुटत नसताना ते लागले की हुकले, हे ठरवायचे कसे? विमानाखाली बसवलेला उपकरणांचा पॉड त्याचे स्थान, वेग व वळणे सतत जमिनीवर कळवत असतो. चालकाने कळ दाबली की संगणक त्या क्षणापासून एका काल्पनिक क्षेपणास्त्राचे उड्डाण मोजू लागतो. त्याचा वेग, इंधन आणि वळण्याची क्षमता, विमानाची हालचाल आणि रडारचा माग टिकला की तुटला हे लक्षात घेऊन ते विमानापासून किती मीटरवरून गेले असते, याचा निकाल तो देतो. अनेक यंत्रांत अँटेनाच्या रोखाने कॅमेरा बसवलेला असतो, म्हणजे रडार विमानावर रोखलेले होते की चाफच्या ढगावर, हे नंतर चित्रातच पाहता येते. दृश्य खुणेसाठी कधीकधी फोमपासून बनवलेले हलके रॉकेट सोडतात. ते पांढऱ्या धुराची रेघ ओढत थोडे वर जाते, आणि खिडकीबाहेर पाहण्याची सवय वैमानिकात टिकून राहते. पडद्यात गुंतलेला चमू बाहेर पाहायचे विसरतो, ही तक्रार जुनी आहे.

खरे शिक्षण मात्र उतरल्यावर, उजळणीच्या खोलीत होते. तेथे विमानातील ध्वनिमुद्रण, रडारच्या पडद्याचे चित्रण आणि संगणकाने काढलेले मार्ग एकाच वेळेच्या पट्टीवर शेजारी मांडले जातात. ‘इशारा १४व्या सेकंदाला वाजला, वळण १९व्या सेकंदाला सुरू झाले, मधले पाच सेकंद कोठे गेले?’ अशा स्वरूपाचे प्रश्न तेथे विचारले जातात. उत्तर बहुधा यंत्रात नसून माणसांच्या बोलण्यात सापडते: दोघांनी एकाच वेळी बोलणे, दिशा सांगताना ‘डावीकडे’ एवढेच म्हणणे, किंवा सोबतच्या विमानाला आधीच ऐकू आलेला इशारा त्याने न कळवणे. काही वेळा चमूने सारे बरोबर केलेले असूनही क्षेपणास्त्र लागले असते असा निकाल येतो. कारण मुळात त्या मार्गाने जायचे ठरवणेच चूक होते. हा निष्कर्ष पचायला अवघड असतो, पण माझ्या मते सर्वांत मोलाचाही तोच. मोठ्या सरावात ‘पडलेले’ विमान बहुधा घरी पाठवत नाहीत; ते ठरलेल्या बिंदूपर्यंत मागे जाते आणि नवे विमान म्हणून पुन्हा लढाईत उतरते, जेणेकरून महागड्या उड्डाणाचा उरलेला वेळ वाया जाऊ नये.

उष्णतेचा वेध घेणाऱ्या, खांद्यावरून सोडता येणाऱ्या क्षेपणास्त्रांची गोष्ट निराळी आहे. त्यांना रडार लागत नाही, त्यामुळे वर वर्णन केलेला रिसीव्हर त्यांच्याबाबत मुका राहतो. कमी उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांना व मालवाहू विमानांना त्यांचा धोका सर्वाधिक असतो आणि उत्तरासाठी अवघे काही सेकंद मिळतात. या विमानांवरील अनेक इशारा-यंत्रणा क्षेपणास्त्राच्या ज्वालेतील अतिनील किरण टिपतात. सूर्याच्या अतिनील किरणांचा एक पट्टा ओझोनच्या थरात शोषला जातो, त्यामुळे त्या पट्ट्यात दिवसाही आकाश काळे दिसते आणि ज्वाला उठून दिसते. सरावासाठी जमिनीवरचा माणूस हातातील अतिनील दिवा विमानाकडे रोखतो. दिवा नुसता लावून भागत नाही. जवळ येणाऱ्या क्षेपणास्त्राची ज्वाला ज्या रीतीने वाढत जाते, त्याच रीतीने दिव्याची तीव्रता वाढवावी लागते, नाहीतर शहाणी यंत्रणा त्याला किरकोळ उजेड समजून सोडून देते.

शांततेच्या काळात या सगळ्यावर मर्यादा असतात, आणि त्या बहुतेक रास्त आहेत. चाफ म्हणजे ॲल्युमिनियमचा लेप दिलेले काचेचे बारीक तंतू. त्यांची लांबी लक्ष्य असलेल्या रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी ठेवतात, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या रडारसाठी सुमारे दीड सेंटिमीटर. हा ढग वाऱ्यावर लांबवर जाऊन नागरी रडारवरही उमटतो. फ्लेअर, म्हणजे उष्णतेचा वेध घेणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी सोडलेला जळता गोळा, कोरड्या गवतावर पडल्यास आग लागते. जीपीएसमध्ये व्यत्यय आणायचा तर नागरी विमानांना आधी सूचना द्यावी लागते. याहून नाजूक मर्यादा गुप्ततेची आहे. आपल्या रडारची आणि जॅमरची काही कार्यपद्धती प्रत्यक्ष युद्धासाठीच राखून ठेवलेली असते, कारण उघड्या आकाशात एकदा वापरलेली लहर उपग्रह किंवा टेहळणी विमान टिपून ठेवू शकते. म्हणजे जी युक्ती सर्वांत प्रभावी, तिचाच सराव आकाशात करता येत नाही.

ही पोकळी भरण्यासाठी बंद खोलीतील सिम्युलेटर उपयोगी पडतात. तेथे लहर बाहेर जात नाही आणि सरावक्षेत्रावर कधीही जमवता येणार नाही इतकी दाट क्षेपणास्त्र-व्यवस्था उभी करता येते. तिसरा मार्ग या दोहोंच्या मधला आहे: विमान खरे उडते, पण त्याच्या पडद्यावरील धोके संगणक किंवा डेटालिंक (विमानाला बाहेरून माहिती पुरवणारा रेडिओदुवा) घालतो. हा मार्ग स्वस्त असून कोणत्याही तळावरून वापरता येतो. मात्र असा धोका विमानाच्या अँटेनापर्यंत कधी आलेलाच नसतो, तो थेट पडद्यावर उमटतो. त्यामुळे अँटेना खराब असेल, केबल सैल असेल किंवा रिसीव्हरच्या यादीत चूक असेल, तर ते या सरावात कळत नाही. खऱ्या लहरींसमोर मात्र ते पहिल्याच फेरीत उघड होते, आणि जमिनीवरील खर्चीक यंत्रे अजून मोडीत न निघण्यामागे हेही एक कारण आहे.

यादीतील चूक हा विषय थोडा खोलात जाण्याजोगा आहे. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इस्रायली विमानांना एसए-६ ने जबर फटका दिला, त्यामागचे एक कारण असे होते, की त्याच्या मार्गदर्शनासाठी वापरली जाणारी अखंड लहर त्यांच्या तेव्हाच्या इशारा-यंत्रणेला ओळखता येत नव्हती. जी लहर यादीत नाही, तिला यंत्रणेच्या लेखी अस्तित्वच नसते. पुढे जून १९८२ मध्ये बेका खोऱ्यात इस्रायलने आधी मानवरहित विमाने पाठवून सीरियाची रडारे चालू करायला लावली, त्यांच्या लहरी नोंदवल्या आणि मग बहुतेक क्षेपणास्त्र-तुकड्या काही तासांत निकामी केल्या. आजच्या रडारांच्या लहरी सॉफ्टवेअरने बदलता येतात, त्यामुळे यादी कितीही ताजी असली तरी अपुरी ठरण्याची शक्यता राहतेच. म्हणून आधुनिक सरावयंत्रेही सॉफ्टवेअरवर चालणारी असतात आणि त्यांच्याकडून यादीत नसलेली लहर मुद्दाम पाठवता येते. तेव्हा पडद्यावर ‘अनोळखी’ असे चिन्ह येते किंवा काहीच येत नाही. अशा वेळी चमूची परीक्षा क्षेपणास्त्र चुकवण्यात नसते. अनोळखी लहर कोठे, केव्हा आणि कशी भेटली याची नीट नोंद करून आणणे, ती नोंद जमिनीवरील तंत्रज्ञांच्या हाती देणे आणि त्यांनी सुधारलेली यादी पुढच्या उड्डाणाआधी विमानात भरून घेणे हा त्या दिवसाचा धडा असतो. आणि त्यात वैमानिकाइतकेच गुण तंत्रज्ञालाही दिले जातात.